आधी कोण, मग कोण : गेममधल्या नल एररचा आढावा

अल्लीपूरहून कापसाची बंडी हिंगणघाटच्या मार्केटात न्यायची, काट्यावर वजन करायचं, त्या दिवसाच्या भावानं पैसे घ्यायचे आणि दिवेलागणीच्या आत गावात परतायचं. असा एक छोटा मोबाइल गेम युनिटी या गेम इंजिनवर करायला घेतला आहे असं समजू. त्यात चार वस्तू आहेत : बंडी, काटा, भावफलक आणि हंगाम. कोणता महिना चालू आहे ते हंगाम ठरवतो. भावफलक त्या महिन्यावरून भाव काढतो. काटा भावफलकाला विचारून रक्कम सांगतो आणि बंडी काट्यावर चढते. प्रत्येकाची स्क्रिप्ट वेगळी आहे आणि एकेक वाचली तर प्रत्येक बरोबर आहे. तरी प्ले दाबलं की कन्सोलमध्ये लाल अक्षरांत ‘नल रेफरन्स एक्सेप्शन’ येतो आणि काट्याच्या स्क्रिप्टमधल्या एका ओळीकडे बोट दाखवतो. ती ओळ उघडून कितीही वेळा वाचली तरी तिच्यात चूक सापडत नाही.

गेम प्रोग्रॅमिंग शिकताना या एररशी गाठ न पडलेला माणूस विरळा. स्टुडिओत काम करणारा नवखा अडकला तर शेजारच्या खुर्चीवरचं अनुभवी माणूस पाच मिनिटांत वाट दाखवतं. गावात, घरच्या लॅपटॉपवर एकट्यानं शिकणाऱ्याच्या हाती मात्र सुटे तोडगे लागतात : इथे ‘नल आहे का’ तपासा, तिथे एक सेकंद थांबा. तोडग्यानं एरर जातो आणि आठवड्यानं दुसऱ्या रूपात परत येतो. त्याच्यासाठी हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडायला हवा असं मला फार वाटतं. माझं मत आधीच सांगतो. हा एरर ज्या ओळीवर दिसतो तिथे तो क्वचितच दुरुस्त करायचा असतो. ‘आधी तू तयार हो, मग मी तुला विचारीन’ अशी एक अट दोन वस्तूंमध्ये असते आणि ती कोडमध्ये कुठेच लिहिलेली नसते. ती अट लिहून काढणं हाच खरा इलाज आहे. बाकीच्या उपायांची किंमत मी त्याच मापानं करणार आहे.

नल, म्हणजे ‘कशाकडेच न दाखवणारा निर्देश’, ही सोय टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी केली. करायला सोपी होती म्हणून केली, असं त्यानंच नंतर सांगितलं आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. हे नेहमी उद्धृत होतं. पण आपल्या प्रश्नात नल हा गुन्हेगार नाही, तो फक्त खबर देतो. हंगाम तयार होण्याआधी भावफलकानं त्याला महिना विचारला ही खरी गोष्ट. त्या क्षणी नलऐवजी शून्य मिळालं असतं तर एररही आला नसता आणि काट्यानं कापूस फुकट विकला असता.

पहिलं काम निदानाचं. नल तीन कारणांनी येतो : ती वस्तू कधीच दिलेली नव्हती, अजून आलेली नव्हती किंवा होती पण गेली. पहिल्या प्रकारात इन्स्पेक्टरमधला रकाना रिकामा राहिलेला असतो. सार्वजनिक फील्डचं नाव बदललं की युनिटी जुना जोड विसरते, त्यानंही हे होतं. ‘फॉर्मरलीसिरियलाइज्डअ‍ॅज’ हे अ‍ॅट्रिब्यूट त्यासाठीच आहे. तिसऱ्या प्रकारात वस्तू नष्ट झालेली असते, बहुतेकदा सीन बदलताना. मधला प्रकार क्रमाचा. तो ओळखायची खूण अशी की एरर सुरुवातीला एखाद-दुसऱ्यांदा येतो आणि नंतर तोच कोड बिनबोभाट चालतो. कधीच न दिलेली वस्तू प्रत्येक फ्रेमला ओरडते. गेलेली वस्तू आधी नीट चालून मग ओरडायला लागते.

तिसऱ्या प्रकारात युनिटी आणखी एक गुंता घालते. नष्ट केलेली वस्तू सी-शार्पच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या भाषेच्या, दृष्टीनं शिल्लक असते, इंजिनाच्या दृष्टीनं नसते. म्हणून युनिटीनं तुलनेची खूण स्वतःची बनवून घेतली आहे आणि ती अशा वस्तूला नल ठरवते. पण प्रश्नचिन्ह-टिंब किंवा दुहेरी प्रश्नचिन्ह या सी-शार्पच्या सोयी युनिटीची तुलना वापरत नाहीत. त्यामुळे ‘नल असेल तर सोडून दे’ असं लिहूनही कोड मेलेल्या वस्तूपर्यंत पोहोचतो.

आता क्रम. युनिटीत प्रत्येक स्क्रिप्टला अवेक, ऑनएनेबल, स्टार्ट, अपडेट असे टप्पे असतात. सीन उघडला की त्यातल्या सर्व चालू वस्तूंचे अवेक होतात आणि मगच पहिला स्टार्ट होतो. एवढी हमी पक्की आहे. पण दोन वेगळ्या वस्तूंपैकी कोणाचा अवेक आधी, याची हमी युनिटी देत नाही आणि तिच्या कागदपत्रांत त्यावर विसंबू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. काट्याच्या अवेकमध्ये भावफलकाला भाव विचारला तर आज चालेल. उद्या सीनमध्ये एक झाड वाढवल्यावर चालेलच असं नाही. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य इथूनच जन्मतं.

ऑनएनेबलचा सापळा याहून बारीक आहे. एखाद्या वस्तूचा अवेक संपला की लगेच तिचा ऑनएनेबल होतो. सगळ्यांचे अवेक उरकेपर्यंत तो थांबत नाही. म्हणजे काट्याचा ऑनएनेबल भावफलकाच्या अवेकआधी येऊ शकतो. इव्हेंटला नाव नोंदवायचं ते ऑनएनेबलमध्ये, असं सगळीकडे शिकवतात आणि ते बरोबरही आहे. पण ज्याच्याकडे नोंदवायचं तो व्यवस्थापक आपल्या अवेकमध्ये स्वतःला जाहीर करत असेल, तर या दोन चांगल्या सवयी एकमेकींवर आदळतात.

बंद ठेवलेल्या वस्तूंचं वेगळंच. गेमऑब्जेक्ट बंद असेल तर त्याचा अवेक चालू होईपर्यंत होतच नाही. उलट गेमऑब्जेक्ट चालू आणि फक्त स्क्रिप्टची खूण काढलेली असेल तर अवेक होतो, स्टार्ट मात्र थांबतो. पैशांचा हिशेब दाखवणारं पॅनल सुरुवातीला लपवलेलं असतं आणि कोणीतरी त्याला ‘रक्कम दाखव’ म्हणतं, तेव्हा त्याच्या आतली जोडणी झालेलीच नसते. पडद्यावरच्या पॅनलांमधले नल बहुतेक याच वाटेनं येतात.

खेळ चालू असताना नवी वस्तू बनवली तरी क्रम आहेच. इन्स्टन्शिएट करून नवी बंडी आणली की ते फंक्शन परत येण्याआधीच, त्याच्या पोटातच, बंडीचा अवेक आणि ऑनएनेबल होऊन जातात. पुढच्या ओळीत आपण तिला मालक देतो. पण मालकाचं नाव तिनं अवेकमध्ये वाचायचा प्रयत्न केला असेल तर तो नलवर संपलेला असतो. स्टार्ट मात्र नंतर, पहिल्या अपडेटआधी होतो. म्हणून बाहेरून मिळणाऱ्या माहितीवरचं काम अवेकमध्ये ठेवू नये. त्यासाठी ‘तयार कर’ असं वेगळं फंक्शन लिहून ते बनवणाऱ्यानंच बोलवावं. अ‍ॅडकंपोनंटलाही हेच लागू.

शोध घेताना लॉगमधला पहिला लाल एरर तेवढा वाचावा. स्टार्टच्या तिसऱ्या ओळीवर एक्सेप्शन आला की चौथ्यापासूनच्या ओळी चालतच नाहीत, पण अपडेट चालू राहतो. मग चौथ्या ओळीत ज्याला किंमत मिळायची होती ते चल दर फ्रेमला नवा एरर देतं. काही सेकंदांत कन्सोलमध्ये शेकडो ओळी जमतात आणि शिकणारा शेवटच्या ओळीपासून खोदायला लागतो. शेकड्यांत कारण एकच असतं आणि ते सगळ्यात वर असतं. त्यानंतर स्टॅक पाहावा, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची उतरंड. तिच्यात इन्स्टन्शिएट दिसलं तर वरच्या परिच्छेदातला प्रकार, हे तिथेच कळतं.

एका ओळीत चार टिंबं असतील तर ती आधी तोडावी. मार्केटचा काटा, त्याचा भावफलक, त्याचा हंगाम, त्याचा महिना, असं एका दमात लिहिलं की नल नेमकं कोण ते युनिटी सांगत नाही. जावानं २०२० मध्ये, चौदाव्या आवृत्तीत, नल असलेल्या भागाचं नाव एररमध्येच छापायची सोय आणली. युनिटीवाल्यांना ती मजा नाही. चार ओळी कराव्या, प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या चलात घ्यावं. तेवढ्यानंही कळलं नाही तर प्रत्येक स्क्रिप्टच्या अवेक, ऑनएनेबल, स्टार्टमध्ये वस्तूचं नाव आणि फ्रेमचा क्रमांक छापावा, गेम एकदा चालवावा आणि आलेली यादी कागदावर उतरवून घ्यावी. कोण कोणाआधी उठलं ते डोळ्यांसमोर येतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण अंदाजानं ओळी हलवत बसण्यापेक्षा कितीतरी कमी वेळ खातं.

एडिटरमध्ये सगळं ठीक आणि फोनवर एरर, असंही होतं. त्याचं एक कारण फार लोकांना माहीत नाही. युनिटी २०१९.३ पासून प्ले दाबल्यावर डोमेन पुन्हा लोड न करण्याची सोय आहे आणि ती वेळ वाचवते म्हणून अनेक जण ती लावतात. मग मागच्या खेपेच्या स्टॅटिक किमती पुढच्या खेपेत शिल्लक राहतात. हंगाम अजून तयार नसला तरी मागच्या खेपेतला हंगाम उत्तर देतो, एरर दिसत नाही. फोनवर पहिलीच खेप असते. तिथे मागचं काही नसतं आणि नल समोर येतो. जुन्या स्वस्त फोनवर लोडिंग हळू होतं तेव्हाही, आधी होणारं आणि नंतर होणारं यांची अदलाबदल होते. म्हणून ज्या फोनवर लोक खरोखर खेळणार आहेत त्यावर गेम दर आठवड्याला तरी चालवावा.

ही गोष्ट युनिटीपुरती नाही. सी-प्लस-प्लसमध्ये एका फाइलमधल्या जागतिक वस्तू लिहिल्या त्या क्रमानं तयार होतात, पण दोन फाइलींमधल्या वस्तूंचा आपसातला क्रम भाषा ठरवून देत नाही. तो घोळ त्या भाषेच्या जगात इतका कुप्रसिद्ध आहे की त्याला स्वतःचं नावच पडलं. पहिल्यांदा मागितली तेव्हाच वस्तू बनवायची, हा तिथला रूढ तोडगा. गोडो इंजिन क्रम ठरवून देतं : सीनमधल्या वस्तूंच्या झाडात शिरताना आधी पालक, मग मूल, आणि ‘रेडी’ होताना आधी मुलं, मग पालक. त्यामुळे पालकानं मुलाला विचारणं सुरक्षित असतं. भावंडं मात्र वरून खाली तयार होतात, आणि वरच्या भावंडानं आपल्या रेडीमध्ये खालच्याला काही विचारलं तर त्याची ‘ऑनरेडी’ चलं अजून रिकामी असतात. मला गोडोची ही पद्धत शिकण्यासाठी सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण नियम दोन वाक्यांत सांगता येतो.

अनरील इंजिनमध्ये कन्स्ट्रक्टरचा गैरसमज मोठा. तो नमुन्याची वस्तू घडवतानाही चालतो, तेव्हा जग अस्तित्वात नसतं आणि जगाला हाक मारली तर नल मिळतो. खेळासंबंधीचं काम बिगिनप्लेमध्ये करायचं असतं, आणि तिथेही दोन अ‍ॅक्टरांमधल्या क्रमाची हमी नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ अनरीलवर आहे, पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ युनिटीवर. महाराष्ट्रातल्या मुलाला पुढे स्टुडिओत काम करायचं असेल तर या दोन इंजिनांचे क्रम पाठ असणं ही पोटापाण्याची गोष्ट आहे.

आता उपाय. सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे ‘नल नसेल तरच पुढे जा’ अशी अट घालणं, आणि क्रमाच्या प्रश्नात तो सगळ्यात वाईट आहे असं मला ठामपणे वाटतं. एरर जातो, पण काम होत नाही. काट्यानं भाव विचारलाच नाही, रक्कम शून्य राहिली, लॉग स्वच्छ. महिन्याभरानं कोणीतरी सांगतं की कधीकधी पैसेच मिळत नाहीत, आणि मग शोधायला धागा उरलेला नसतो. एखादी वस्तू नसणं हे खेळाच्या नियमांत बसत असेल, म्हणजे बंडीला कधी मालक असेल, कधी नसेल, तरच ही अट योग्य. जी वस्तू असायलाच हवी तिच्यासाठी असर्शन लिहावं, म्हणजे ती नसताना गेम लगेच आणि मोठ्यानं सांगेल. एक फ्रेम किंवा सेकंदाचा दहावा हिस्सा थांबण्याचा उपाय त्याच जातीचा. तो फक्त नशिबाची वेळ पुढे ढकलतो.

‘स्वतःचं काम अवेकमध्ये, दुसऱ्याशी बोलणं स्टार्टमध्ये’ हा नियम चांगला आहे आणि लहान गेम त्यावर तरून जातात. पण त्यात दोनच पायऱ्या आहेत. आपल्या गेममध्ये हंगाम, भावफलक, काटा अशा तीन आहेत. भावफलकानं स्टार्टमध्ये हंगामाला विचारलं आणि काट्यानं स्टार्टमध्ये भावफलकाला, की पुन्हा तेच. मग लोक स्क्रिप्ट एक्झिक्युशन ऑर्डरच्या आकड्यांकडे वळतात, लहान आकडा आधी. दोन-तीन स्क्रिप्टांपुरतं ते ठीक. पंधरा स्क्रिप्टांना आकडे दिले की वजा पन्नास का आणि वजा चाळीस का हे कोणालाच आठवत नाही. आकडे द्यायचेच तर अ‍ॅट्रिब्यूटनं कोडमध्ये द्यावे, म्हणजे निदान वाचणाऱ्याला दिसतील.

आणखी एक उपाय सिंगलटन, म्हणजे सगळ्यांना कुठूनही सापडणारी एकुलती वस्तू, आणि तीही पहिल्यांदा मागितल्यावर बनणारी. यात क्रम आपोआप सुटतो असं वाटतं, आणि पुष्कळदा सुटतोही. पण कोण कोणावर अवलंबून आहे हे त्यात पूर्ण झाकलं जातं. दोन सिंगलटन एकमेकांना विचारायला लागले तर गोल फिरत राहतात. गेम बंद होताना एकानं दुसऱ्या, आधीच मेलेल्या सिंगलटनला हाक मारली तर तो नव्यानं जन्मतो आणि सीन मिटताना युनिटी कुरकुरते.

माझी पसंती सुरुवातीच्या एकाच स्क्रिप्टला आहे. तिच्यात हंगाम तयार कर, मग तो भावफलकाला दे, मग भावफलक काट्याला दे, शेवटी बंड्या आण, अशा चार ओळी एकाखाली एक. नवा माणूस त्या वाचून सगळी अवलंबनं समजतो. क्रम चुकला तर चूक त्या चार ओळींतच असते. भावफलक दिल्याशिवाय काटा तयारच करता येणार नाही असं फंक्शन लिहिलं, की विसरण्याची मुभाही राहत नाही. तोटा एवढाच की मधला एखादा सीन थेट प्ले करता येत नाही. त्यासाठी सीनच्या आधी आपोआप चालणारं फंक्शन लिहिता येतं. मोठ्या संघांत हेच काम झेनजेक्ट किंवा व्हीकंटेनर यांसारख्या चौकटी करतात. एकट्यानं शिकणाऱ्यानं आधी त्या चार ओळी हातानं लिहाव्या. चौकट नंतर घेतली तर ती काय करते ते कळेल. त्या ओळींचा मला आवडणारा आणखी एक उपयोग : ज्या दोन वस्तू एकमेकींवर अवलंबून नाहीत असं आपण समजतो, त्यांची जागा मुद्दाम उलटी करून गेम चालवावा. मोडला, तर न लिहिलेली अट सापडली.

नलवर बंधन घालणाऱ्या भाषा वापरल्या तर? स्विफ्ट, कोटलिन, रस्ट यांनी ‘असेल किंवा नसेल’ हे प्रकारातच लिहायला लावलं आणि असंख्य चुका कंपाइल होतानाच पकडल्या. सी-शार्पनं २०१९ मध्ये, आठव्या आवृत्तीत, तसे इशारे आणले. युनिटीत ते अर्धेच कामाला येतात, कारण इन्स्पेक्टरमध्ये ओढून टाकलेली वस्तू कंपाइलरला दिसत नाही. कोटलिनला तर ‘नंतर किंमत देईन’ असं सांगणारा लेटइनिट हा शब्द द्यावा लागला, आणि किंमत द्यायच्या आधी चल वाचलं तर तिथेही एक्सेप्शन येतो, फक्त त्याचं नाव वेगळं. भाषेनं नलवर बंधन घातलं तरी आधी आणि नंतर शिल्लकच राहतं.

इव्हेंटनं जोडलेल्या गेममध्ये तर एररही येत नाही, म्हणून ती चूक शोधणं सगळ्यात अवघड. भावफलकानं ‘भाव बदलला’ अशी हाक दिली तेव्हा काट्यानं अजून नाव नोंदवलेलं नव्हतं, तर हाक वाया जाते आणि काटा जुन्या भावानं माप करत राहतो. नाव नोंदवणाऱ्यानं नोंदवताक्षणी आत्ताची स्थिती वाचून घ्यावी आणि पुढच्या बदलांसाठी हाक ऐकावी. दोन्ही लागतं.

अनेक खेळाडूंच्या ऑनलाइन गेममध्ये हा नियम टाळताच येत नाही, कारण तिथे क्रम आपल्या हातात नसतो, नेटवर्कच्या हातात असतो. अनरीलमध्ये गेममोड फक्त सर्व्हरवर असतो. खेळाडूच्या फोनवर त्याला हाक मारली तर नल मिळतो आणि कितीही थांबलं तरी नलच मिळत राहतो. प्लेअरस्टेट मात्र येतो, पण बिगिनप्ले होऊन गेल्यावरही येऊ शकतो. तो पोहोचल्याची सूचना देणाऱ्या फंक्शनमध्येच त्यावरचं काम करावं लागतं. इथे ‘सगळे तयार झाले, आता सुरू’ असा क्षणच नसतो. प्रत्येक वस्तूनं स्वतःचे टप्पे सांगावे लागतात, आणि विचारणाऱ्यानं ‘अजून नाही’ हे उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागते. असा गेम करणाऱ्यानं पहिल्या आठवड्यापासून एक चाचणी लावावी : सामना अर्ध्यावर आला असताना नवा खेळाडू आत आणायचा. त्याच्या येण्याआधीच्या सगळ्या हाका त्यानं चुकवलेल्या असतात, त्यामुळे क्रमावर टेकलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्या पडद्यावर मोडलेली दिसते.